प्रकल्प नोंदी: दाखल नोंदवह्यांचं स्कॅनिंग आणि सुरू न होणारा कॉम्प्युटर

८ जुलै २०२५, मंगळवार

दुपारी ग्रंथपाल मॅडमचा फोन. बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असली की वाचनालयाचा कॉम्प्युटर सुरूच होत नाही, काढली की होतो. "डिस्क गेली बहुतेक," हे त्यांचं मत. कार्यवाहांच्या मते व्हायरस. सकाळी वाचनालय उघडणाऱ्या मामांना मत कोणी विचारलेलं नाही, पण सध्या तोडगा त्यांचाच चालू आहे: सकाळी डिस्कची वायर काढायची, कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू करायचा, विंडोज आलं की वायर परत खोचायची.

ऑफिस सुटल्यावर गिरगावात पोचलो. डिस्क लावून मशीन चालू केलं. आधी लोगो, मग काळा पडदा आणि त्यावर: "बूटएमजीआर इज मिसिंग. प्रेस कंट्रोल+ऑल्ट+डिलीट टू रिस्टार्ट." दाबलं की पुन्हा तेच. वायर काढून दाबलं की विंडोज १० निमूट सुरू.

तसा त्रास रोजचा मिनिटभराचा. पण स्कॅन केलेल्या जवळजवळ सगळ्या नोंदवह्या ह्या एकाच डिस्कवर आहेत आणि तिची वायर रोज खेचली जाते आहे. त्यामुळे आज दुरुस्ती काहीही नाही. आधी दुसरी प्रत.

९ जुलै, बुधवार

नवी १ टीबीची पोर्टेबल डिस्क मॅडमनी किरकोळ खर्चातून मंजूर केली. जुन्या डिस्कवरचे सगळे फोल्डर रोबोकॉपी ह्या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या कमांडने तिच्यावर घेतले. मशीनचे पोर्ट यूएसबी २ चे, म्हणजे सेकंदाला तीसेक एमबी. सुमारे २०० जीबी माल, दोन तास गेले. तेवढ्यात वाचन कक्षातले सगळे पेपर वाचून झाले. प्रत्येक फोल्डरमधल्या काही फायलींचे हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारे ठसे, विंडोजच्या सर्टयुटिलने दोन्हीकडे काढून ताडले, जुळतात. आता डिस्कला हात लावायला हरकत नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी प्रकल्पाची माहिती. वाचनालय ब वर्गाचं, १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं. दाखल नोंदवही म्हणजे वाचनालयाचं सगळं भांडवल: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तक, विक्रेता, किंमत, आणि पुस्तक रद्द केलं असेल तर त्याचा शेरा. जुन्या वह्यांची पानं आता उलटताना कडेला तुटतात. म्हणून स्कॅन कच्च्या टिफमध्ये (चित्र न दाबता जसंच्या तसं ठेवणारी फाइल), ३०० डीपीआय म्हणजे इंचाला ३०० ठिपके, रंगीत. ए४ आकाराचं एक पान साधारण २६ एमबी होतं, म्हणजे ३२० जीबीच्या डिस्कवर बारा हजार पानं कशीबशी. जेपेग का नको हा प्रश्न दर सभेत येतो. जेपेग फाइल लहान करायला चित्र दाबतं, त्यात पेन्सिलीतले फिकट शेरे पुसट होतात, म्हणून नको.

११ जुलै, शुक्रवार

आधी डिस्कचा इतिहास. ही विकत आणलेली एक्स्टर्नल डिस्क नाही. वाचनालयाच्या आधीच्या, विंडोज एक्सपीवाल्या कॉम्प्युटरमधली साडेतीन इंची डिस्क आहे. तो मोडीत निघाला तेव्हा ती काढून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या यूएसबी केसिंगमध्ये घातली, सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर. विंडोज १० मधून फॉरमॅट मारला आणि गेल्या महिन्यापासून स्कॅनिंगला वापरायला काढली.

इथेच अर्धं उत्तर आहे. पडद्यावरचा मेसेज कोण बोलतोय ते आधी बघावं. "बूटएमजीआर इज मिसिंग" हे बायोसचं (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं) वाक्य नाही, आणि आतल्या विंडोजचं तर नाहीच, त्याची पाळी अजून आलेली नसते. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटमध्ये, ४४६ बाइटचा छोटा प्रोग्रॅम असतो, मग ६४ बाइटचा पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी ५५ एए अशी दोन बाइटची सही. सही दिसली की बायोस म्हणतो, चला, ही डिस्क चालवायची. तो छोटा प्रोग्रॅम तक्त्यात बघतो की कुठल्या पार्टिशनवर "अॅक्टिव्ह"ची खूण, म्हणजे ८० हा आकडा, आहे. आणि त्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरकडे कारभार सोपवतो. तो सेक्टर बूटएमजीआर नावाची, विंडोज सुरू करणारी फाइल शोधतो. नाही मिळाली की हे वाक्य.

फॉरमॅट मारल्याने फाइली जातात, पार्टिशनचा पहिला सेक्टर नवा लिहिला जातो, पण अॅक्टिव्हची खूण पार्टिशनच्या बाहेर, डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये असते. तिला फॉरमॅट हात लावत नाही. एक्सपीच्या काळातली पाटी दारावर तशीच राहिली, आत राहणारं कोणी नाही. विंडोजच्या डिस्कपार्ट ह्या कमांडमध्ये पाहिलं: पहिलं पार्टिशन, "अॅक्टिव्ह: येस".

म्हणजे डिस्क बिघडलेली नाही, बायोस तिला आतल्या डिस्कच्या आधी विचारतो आहे एवढंच. तरी बाकीच्या शक्यता झटपट उरकल्या. वायर बदलली, पुढचा पोर्ट सोडून मागचा घेतला, हब काढून पाहिला: फरक नाही. अडीच इंची डिस्क असती तर विजेचाही संशय घेतला असता, कारण यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअॅम्पिअरच देतो आणि डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढू शकते. इथे अडॅप्टर वेगळा आहे, तो प्रश्न नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे पाहिले. कार्यवाह मागे उभे होते, पॉवर-ऑन अवर्सच्या पुढे "४बी२एफ" दिसल्यावर "हा एरर कोड ना?" म्हणाले. नाही. हा प्रोग्रॅम कच्चे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, दाखवतो. ४बी२एफ म्हणजे १९२४७ तास. बदललेले सेक्टर शून्य, बदलायच्या रांगेतले सेक्टरही शून्य. वयाने मोठी आहे, पण ठणठणीत.

१४ जुलै, सोमवार

बायोस उघडला. बूट ऑर्डरमध्ये "हार्ड ड्राइव्ह" पहिलीच होती. बहुतेक जण इथेच थांबतात आणि सगळं बरोबर आहे म्हणून बाहेर पडतात. ह्या जुन्या बायोसमध्ये त्याच पानावर खाली "हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज" नावाची आणखी एक यादी असते आणि यूएसबीने लावलेली डिस्क बायोसच्या लेखी हार्ड डिस्कच. त्या आतल्या यादीत केसिंगवाली डिस्क पहिली, मशीनमधली दुसरी. उलटं केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं.

डिस्क लावून रिस्टार्ट: विंडोज. पूर्ण बंद करून चालू: विंडोज. चहा पिऊन येऊन पुन्हा: विंडोज.

"यूएसबी लेगसी सपोर्ट" (विंडोज येण्याआधी यूएसबीची उपकरणं चालवणारी बायोसची सोय) बंद करून टाकायचाही एक सल्ला बरेच जण देतात. तो इथे नको. कीबोर्डही यूएसबीचाच आहे, उद्या बायोसमध्ये जायची वेळ आली तर जायचं कशाने?

अॅक्टिव्हची खूण आज काढली नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. मॅडमना सांगितलं, उद्या सकाळचं बघू, मगच झालं म्हणू.

१५ जुलै, मंगळवार

सव्वाआठला मामांचा फोन. "साहेब, तुमचा तो मिसिंग परत आला."

१६ जुलै, बुधवार

ऑफिसला जायच्या आधी, आठला, मामांबरोबर कुलूप उघडताना हजर. ते रोज काय करतात ते त्यांच्याच हाताने बघायचं होतं. मी चालू करून बघण्यात अर्थ नव्हता.

मामांनी आधी जिन्याजवळचा मेन स्विच वर केला. इमारत जुनी, जिना लाकडी, पावसात भिंत ओलावते. म्हणून रात्री मेन बंद करूनच जायचं असा कार्यकारिणीचा ठराव आहे आणि तो योग्यच आहे. मग पंखे, वाचन कक्षातल्या ट्यूब, मग कॉम्प्युटर. लोगो आला. त्यानंतर पडदा काळा झाला, चार ओळी उमटल्या आणि मी वाचायच्या आत मामांनी एफ२ दाबला.

"मामा, हे काय होतं?"

"ते रोजचंच. एफ२ दाबलं की पुढे जातं. उन्हाळ्यापासून आहे."

बंद करायला लावलं. मेन बंद, थोडं थांबून मेन चालू, पुन्हा कॉम्प्युटर. ह्या वेळी फोटो काढला. "सीमॉस सेटिंग्ज राँग. सीमॉस डेट/टाइम नॉट सेट. प्रेस एफ१ टू रन सेटअप. प्रेस एफ२ टू लोड डिफॉल्ट व्हॅल्यूज अँड कंटिन्यू." सीमॉस म्हणजे बायोसची आठवण. बायोस रोज सकाळी सगळं विसरतो, विचारतो काय करू, आणि मामा रोज सांगतात की कारखान्यातून आलास तसा हो. कोणीतरी एकदा एफ२ दाबायला सांगितलं, ते त्यांनी इमानाने पाळलं. सोमवारची माझी यादी मंगळवारी सकाळी त्यातच गेली.

मदरबोर्डवरचा सेल संपलाय, दुसरं काही नाही. संध्याकाळी रिस्टार्ट करताना काही दिसत नाही ह्याचं कारण सरळ आहे. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि बायोसची आठवण त्यावर टिकते. सेलची गरज लागते ती वीज मुळातूनच तुटली की. इथे ती रोज रात्री तुटते. आणि उन्हाळ्यात ह्याचा त्रास झाला नाही, कारण तेव्हा मशीनमध्ये एकच डिस्क होती. यादी कशीही लावली तरी पहिली तीच.

स्कॅनिंग करणारी मुलगी नऊला आली. तिला विचारलं, सकाळी घड्याळ बरोबर असतं का? "नाही दादा, रोज २०१० असतं. ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ मागे आहे, मग मी तारीख बदलते." हेही रोजचंच, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी प्लग काढून कॅबिनेट उघडलं. सीआर२०३२, मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट. नवा सेल ३ च्या वर दाखवतो.

१७ जुलै, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यालाही लॅमिंग्टनच सांगावं लागतं. पहिल्या दुकानदाराला सेल मागितला तर "प्रॉब्लेम काय आहे?" आणि ऐकून घेतल्यावर लगेच नवा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमचा भाव. दुसऱ्या दुकानात विचारपूस न करता तीस रुपयांत सेल. पुडा सीलबंद आहे ना ते बघून घेतला. सुटे सेल कुठून आलेले असतात देव जाणे. आकाराची चूक होऊ नये म्हणून: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ जाडी. २०२५ पातळ असतो, खाचेत बसतो पण टेकतो न टेकतो.

सहाला बसवला. क्लिप नखाने बाजूला केली की जुना आपोआप वर येतो. नव्याची अधिकची बाजू वर. तारीख-वेळ लावली, आतल्या यादीत मशीनची डिस्क पहिली केली, त्या पानाचा मोबाइलवर फोटो. मामांना सांगितलं, नेहमीसारखं मेन बंद करून जा.

१८ जुलै, शुक्रवार

सव्वाआठचा फोन नाही. नऊला मीच केला. एफ२ विचारलं नाही, डिस्क लावलेलीच होती, विंडोज सरळ आलं, तारीख आजची.

१९ जुलै, शनिवार

आता ती खूण. सेल बदलला म्हणून ती ठेवून द्यायचं कारण नाही; ही डिस्क उद्या दुसऱ्या कुठल्या मशीनला लावली तर तिथेही हाच गोंधळ घालेल.

डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क. इथे घाई करायची नाही. डिस्क ० मशीनची, डिस्क १ केसिंगची, आकार बघून खात्री केली. चुकून डिस्क ० ची खूण निघाली तर खरोखरच कॉम्प्युटर सुरू होणार नाही. सिलेक्ट डिस्क १, सिलेक्ट पार्टिशन १, डिटेल पार्टिशन, इनअॅक्टिव्ह. फाइलींना धक्का लागत नाही, एका बाइटचा फरक.

मग मुद्दाम बायोसचे डिफॉल्ट लोड करून डिस्क लावून पाहिलं. "बूटएमजीआर" गेलं, त्याच्या जागी: "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस." म्हणजे डिस्कवरच्या प्रोग्रॅमला अॅक्टिव्ह पार्टिशन मिळालं नाही, त्याने हात वर केले आणि बायोस स्वतः बोलला. काही बायोस इथून पुढच्या डिस्ककडे वळतात, हा वळत नाही. तेव्हा खूण काढणं चांगलं असलं तरी ह्या मशीनवर आधार बूटच्या यादीचाच. यादी पुन्हा लावली.

२२ जुलै, मंगळवार

हा विषय संपला असं वाटत असताना स्कॅनिंगवाल्या मुलीने एक पान दाखवलं. १९५७च्या वहीतलं, बांधणीच्या बाजूला वाकलेलं, किमतीचा रकाना सावलीत. "दादा, हे मी परत स्कॅन केलं होतं. सपाट करून, वर काच ठेवून. तरी डिस्कवर जुनंच आहे."

तिच्या वहीत फेरस्कॅनची नोंद आहे. मशीनच्या डी ड्राइव्हवर चांगलं पान आहे. डिस्कवर वाकडं. डी ड्राइव्हवरच्या चांगल्या पानाची तारीख: १ जानेवारी २०१०.

मग डोक्यात प्रकाश पडला. ती सकाळी आल्या आल्या आधी फेरस्कॅन उरकते, ब्राउझर नंतर उघडते. तोवर घड्याळ २०१० मध्येच. आणि संध्याकाळी दिवसाची स्कॅन डी वरून डिस्कवर नेणारी जी बॅच फाइल (ठरलेल्या कमांड एकदम चालवणारी) आहे तिच्यात रोबोकॉपीला /एक्सओ लावलेलं आहे: मूळ फाइल तिथल्यापेक्षा जुनी असेल तर सोडून दे. जूनमधलं वाकडं पान "नवं", जुलैतलं सरळ पान "जुनं". रोबोकॉपीने सांगितलेलं चोख केलं. पहिल्यांदाच स्कॅन झालेली पानं मात्र नीट गेली आहेत, कारण तिकडे तुलना करायला काहीच नव्हतं.

डी ड्राइव्ह महिनाअखेरीस रिकामा करायची पद्धत आहे. महिनाअखेर नऊ दिवसांवर आली होती. बूटचा मेसेज आला नसता तर सेल कोणी बघितला नसता, आणि चांगली पानं तेवढी पुसली गेली असती. मला ह्या सगळ्या प्रकरणात खरा धोका हाच वाटतो. तो काळा पडदा त्यामानाने काहीच नाही.

/एक्सओ काढून, /एल लावून कोरडी फेरी मारली, म्हणजे कॉपी न करता नुसती यादी. "ओल्डर" शेऱ्याच्या फायली मुलीच्या वहीतल्या फेरस्कॅनशी ओळीने ताडल्या. दोघांनी मिळून, एकाने वाचायचं, एकाने टिक करायचं. सगळ्या तिच्याच निघाल्या. मग खरी कॉपी. बॅच फाइलमधून /एक्सओ कायमचं काढलं. रोबोकॉपी मुळात फरक असलेली फाइल जुनी असो वा नवी, नेतोच. नव्या पोर्टेबल डिस्कवरची प्रतही अद्ययावत केली.

फायलींच्या २०१० च्या तारखा तशाच ठेवल्या. टिफच्या आतही तीच तारीख कोरलेली असते, बाहेरून बदलून अर्धवट सारवासारव होईल. फाइलचं नाव वही क्रमांक आणि पान क्रमांकाने आहे, शोधायला तारीख लागत नाही. फोल्डरमध्ये एक माहितीची फाइल टाकली: २०१० दिसेल ती पानं २०२५च्या पावसाळ्यातली समजावीत.

२८ जुलै, सोमवार

आठवडाभर सकाळी तक्रार नाही. डिस्क सतत लावलेली.

कार्यकारिणीसाठी दोन विषय लिहून दिले. एक, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपतो आणि ह्या मशीनवर टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, तेव्हा विंडोज ११ नियमाने बसणार नाही. स्कॅनिंगला इंटरनेट लागत नाही. नवं मशीन येईपर्यंत ह्याचं नेट काढून टाकावं आणि पत्रव्यवहार मॅडमच्या लॅपटॉपवरून करावा असं माझं मत. दोन, १९ हजार तास फिरलेली डिस्क मुख्य प्रत म्हणून नको. २ टीबीची नवी घ्यावी, जुनी दुसरी प्रत म्हणून चालेल, आणि पोर्टेबल डिस्क वाचनालयाच्या बाहेर ठेवावी. मॅडम घरी न्यायला तयार आहेत, त्या डोंबिवलीला राहतात, एवढं अंतर पुरे.

मामांना सांगितलं, तो चार ओळींचा मेसेज पुन्हा दिसला तर एफ२ दाबू नका, मला फोन करा. ते म्हणाले, "आणि तुम्ही नाही उचललात तर?" बरोबर आहे. तर एफ१, आणि बूटच्या पानावर फोटोत आहे तशी यादी, मग एफ१०. बायोसचा फोटो मोठा छापून टेबलाच्या काचेखाली सरकवला, त्यावर सेल बदलल्याची तारीख घातली.

सभा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपतीच्या आधी.